पैठणचा माल जवळचं कल्याण सोडून भडोचला का जायचा?

गोदाकाठ

पेरिप्लसमधल्या भडोचच्या भागाबद्दल प्रश्न आहे. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिलेली ही समुद्रव्यापाराची वाटवही आहे. बंदरं, अंतरं, कुठे काय विकतं, कुठे काय मिळतं, असं सगळं त्यात येतं. बॅरिगाझा म्हणजे भडोच, आणि त्यावर त्यानं भरभरून लिहिलं आहे.

51व्या कलमात आपली दोन गावं येतात. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. पैठणहून अकीक-सुलेमानी जातीचा दगड भरपूर यायचा. तेरहून साधं कापड, तलम कापड आणि मोलोखिना नावाचं कापड यायचं. हा माल गाड्यांतून, मोठमोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला उतरायचा, असं तो स्वच्छ लिहितो.

आता नकाशा बघा. सरळ रेषेत पैठण ते भडोच सुमारे 350 किलोमीटर, पैठण ते कल्याण 240च्या आत. मग हाताशी कल्याण आणि सोपारा असताना शंभर किलोमीटर जास्तीची वाट कशासाठी? आणि भडोच तरी सोपं बंदर होतं का? नर्मदेचं मुख गाळानं भरलेलं, खंभातच्या आखातातली भरती तर जगातल्या मोठ्या भरत्यांपैकी. नेमकी कारणं कुणी सांगेल का?

घाटवाट

अंतर किलोमीटरमध्ये मोजलंत म्हणून कल्याण जवळ वाटतं. ते बैलांत मोजून बघा.

कल्याणला उतरायचं तर मध्ये सह्याद्रीची भिंत आहे. जुन्नरवरून नाणेघाट हा त्यातला सरळ मार्ग, पण माथ्यापासून पायथ्यापर्यंत सहाशे-सातशे मीटरची उतरण आहे आणि वाट दगडी पायऱ्यांची. तिथे गाडी चालत नाही, सगळा माल बैलाच्या पाठीवर. भडोचच्या वाटेवर कन्नडच्या बाजूला सातमाळा उतरून खानदेशात जायचं, ती उतरण सुमारे 300 मीटरची. पुढे तापीचं खोरं सपाट. पश्चिमेला साक्री-नवापूरकडे कोंडाईबारी आहे, तीही सह्याद्रीच्या मुख्य कड्यासारखी तुटलेली नाही, कारण तिथवर येईतो डोंगर बसका झालेला असतो. पेरिप्लस ‘गाड्यांतून’ म्हणतो, तो शब्द म्हणून महत्त्वाचा.

हिशोब मांडतो. जमिनीच्या वाटेवर बैलजोडीची गाडी साधारण 600 किलो ओढते. पाठीवर गोणी लादलेला बैल लांबच्या मजलीला 100 किलोच्या आसपास नेतो. 20 टन माल धरा.

भडोचला: 34 गाड्या, 68 बैल, 20 दिवस. म्हणजे 1,360 बैल-दिवस.

कल्याणला: 200 बैल, 14 दिवस. म्हणजे 2,800 बैल-दिवस.

वाट सहा दिवसांनी कमी, पण बैल दुपटीहून जास्त लागले. शिवाय पाठीवरच्या मालाचं एक दुखणं असतं. रोज मुक्कामाला प्रत्येक बैलाच्या दोन्ही गोण्या उतरवायच्या आणि पहाटे पुन्हा तोलून लादायच्या. एका बाजूला चार-पाच किलो जास्त झालं तरी संध्याकाळपर्यंत पाठ सोलवटते आणि तो बैल पुढचे आठ दिवस कामातून जातो. अकीकासारखा दगड तर पाठीवर सर्वांत वाईट, कारण वजन लहान जागेत गोळा होतं आणि हाडावर बसतं. तोच दगड गाडीच्या साटीत गवताच्या थरावर पसरला की काही त्रास नाही.

गाडीचीही खोड आहे. उतारावर जू बैलांच्या मानेवर चढतं आणि मागचं वजन पुढे ढकलतं. म्हणून चाकाला लाकूड बांधून ते फिरू न देता घसटत न्यावं लागतं, मागून माणसं दोर धरून असतात. अशा वेळी चाकाची धाव (बाहेरची लोखंडी पट्टी) घासते आणि आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्यात, ढिले होतात. सातमाळ्याच्या एका उतरणीत हे निभतं, नाणेघाटात निभलं नसतं.

लेणीवाचक

घाटवाट यांचा हिशोब चांगला आहे, पण त्यानं प्रश्न सुटत नाही. पैठण ते जुन्नर गाडीनं यायचं आणि फक्त घाटापुरता माल पाठीवर घ्यायचा, खाली पुन्हा गाड्या. पाठीवरचा माल मग दोन दिवसांचा. तसं करत नसतील तर नाणेघाटात एवढा खर्च कुणी आणि कशाला केला? तिथे सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमांची नावं आहेत, पाण्याची टाकी आहेत आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. हे सगळं पेरिप्लसच्या आधीचं, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातलं. वाट चालू होती, तीही भरभराटीत.

खरं कारण पुढच्याच, 52व्या कलमात आहे. तिथे तो म्हणतो की थोरल्या सारगनसच्या काळात कल्याण हे रीतसर बाजारपेठेचं बंदर होतं. पुढे ते सँडनेसच्या हाती गेलं आणि तिथला व्यापार फारच अडला. चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सारगनस म्हणजे सातकर्णी, यावर बहुतेकांचं एकमत आहे. सँडनेस कोण, यावर नाही. पण गलबत कुठे नेलं जातं ते पाहिलं की अडवणूक कुणाच्या फायद्याची हे कळतं. भडोच त्या वेळी नहपान या क्षत्रप राजाचं. ग्रीक मजकुरात त्याचं नाव मन्बानोस किंवा नम्बानोस असं आलंय.

थोडक्यात, पेरिप्लसनं आपल्याला कायमची व्यवस्था दाखवलेली नाही, नाकेबंदीच्या काही वर्षांतली दाखवली आहे. कल्याणचं दार बंद होतं म्हणून पैठणच्या गाड्या उत्तरेला वळल्या.

याच संदर्भात नाशिकच्या लेण्यांतला, 10 क्रमांकाच्या लेण्यातला उषवदाताचा लेख नीट वाचा. हा नहपानाचा जावई. भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसौर), गोवर्धन (नाशिकजवळ) आणि शूर्पारक (सोपारा) इथे चौसोपी धर्मशाळा बांधल्याचं तो सांगतो. पुढे नद्यांची नावं येतात: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहणुका. या सगळ्यांवर त्यानं फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर विसाव्याची जागा व पाणपोया केल्या. ही यादी धर्मकृत्य म्हणून वाचली जाते, ते बरोबरच आहे. पण पार, दमणगंगा, तापी, डहाणूची खाडी या ओळखू येणाऱ्या नद्या नकाशावर टाका. सोपाऱ्याहून भडोचला किनाऱ्यानं जाताना आडव्या येणारं तेच पाणी आहे. उत्तर कोकणचा माल भडोचकडे वळवायचा तर नेमकी हीच वाट मोकळी हवी.

तांडेल

बंदराच्या बाजूनं लिहितो, कारण ‘भडोच सोपं होतं का’ हा प्रश्न मागे राहिला.

अजिबात नव्हतं, आणि पेरिप्लसचा लेखक ते लपवत नाही. आखातात शिरताना उजव्या हाताला कम्मोनी गावासमोर हेरोने नावाची लांब, खडकाळ वाळूची पट्टी. डाव्या हाताला पापिके नावाचं टोक, तिथे प्रवाह ओढतो आणि तळाचे खडक नांगराचे दोर कापतात. या दोन्हींतून सुटलात तरी नर्मदेचं मुख सापडत नाही, कारण किनारा सखल आहे आणि जवळ जाईपर्यंत काही दिसतच नाही. सापडलं तर मुखाशी पुन्हा गाळ.

यावर तोड म्हणून राजानं वाटाड्यांची व्यवस्था बसवली होती. स्थानिक कोळी राजाच्या चाकरीत, भरपूर वल्हेकऱ्यांच्या मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जाऊन उभे राहायचे. होड्यांची नावं त्यानं दिली आहेत: त्राप्पगा आणि कोतुम्बा. ‘अंगविज्जा’ या प्राकृत ग्रंथात तप्पक आणि कोट्टिंब असे नौकांचे प्रकार येतात. परक्या कानानं शब्द किती नेमका टिपला होता ते यावरून समजतं.

काम असं चालायचं. वाटाडे गलबताला दोर लावून आपल्या वल्ह्यांच्या जोरावर वाळूच्या पट्ट्यांमधून ओढत नेत. भरतीला सुरुवात झाली की निघायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबायचं. पुढची भरती, पुढचा डोह. नदीत भडोचपर्यंत असे डोह होते. मुखापासून बंदर 300 स्टेडिया, म्हणजे 50-55 किलोमीटर आत. एका भरतीत हे अंतर कापलं जात नाही. दोर, वल्ही आणि थांबे मिळून दोन-तीन भरत्या तरी धराव्याच लागतात.

चुकलं तर काय व्हायचं तेही त्यानं लिहून ठेवलंय. अमावास्येच्या उधाणाला, त्यातही रात्रीच्या भरतीला, मुखाशी आधी लांबून फौजेच्या आरोळीसारखा आवाज येतो आणि थोड्याच वेळात पाणी फुसफुसत वाळूच्या पट्ट्यांवरून धावत येतं. कारण साधं आहे. आखात समुद्राकडे रुंद आणि आत निमुळतं, त्यामुळे भरतीचं पाणी कोंडून उंच चढतं, आणि उथळ मुखात त्याची एक भिंतच तयार होते. ओहोटीत गाळावर टेकलेलं गलबत त्या भिंतीला आडवं सापडलं तर कलंडतं. लहान होड्या सरळ उलटतात. नांगरही कामी येत नाही, कारण प्रवाह तो गाळातून उपटतो. म्हणून डोह महत्त्वाचा: ओहोटीतही तिथे गलबत तरंगतं राहतं आणि लोंढा आला की त्याच्याबरोबर उचललं जातं.

जागा इतकी वाईट असूनही बंदर चाललं ते या व्यवस्थेच्या जोरावर. माझ्या मते याचा दुसरा अर्थही आहे. ज्या बंदरात राजाच्या माणसांशिवाय शिरता येत नाही, तिथून जकात चुकवूनही निघता येत नाही. कल्याणची खाडी त्या मानानं मोकळी.

गोदाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. नद्यांची यादी अशी वाचता येते हे लक्षातच आलं नव्हतं.

दोन गोष्टी राहिल्या. परतीला या गाड्या रिकाम्या जात होत्या का? आणि तेरचं कापड वेळेवर पोहोचायचं कसं? गलबतं तर वाऱ्याला बांधलेली.

खुर्दा

परतीचा माल हाच भडोचचा मोठा आधार होता. 49व्या कलमातली आयात बघा: दारू (इटलीची पसंत, लाओडिकिया आणि अरबस्तानचीही), तांबं, कथील, शिसं, पोवळं, पुष्कराज म्हणून ओळखला जाणारा पिवळसर हिरवा खडा, साधं आणि तलम कापड, हातभर रुंदीचे रंगीत पट्टे, धूपाचा राळ, कच्ची काच, मनशीळ, सुरमा आणि सोन्या-चांदीची नाणी. राजासाठी वेगळी यादी आहे: चांदीची महागडी भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी मुली, उंची दारू. माणसंही मालाच्या यादीत आहेत, हे वाचताना विसरू नये.

यातलं तांबं, कथील आणि शिसं दख्खनला हवं होतं. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत. आता घाटवाट यांचं गणित उलटं लावा. धातूचं ओझं घेऊन नाणेघाट चढणं हे उतरण्यापेक्षा कितीतरी कठीण. खानदेशातून मात्र गाडी भरून वर आणता येते. दोन्ही फेऱ्या भरलेल्या असतील तर लांबची वाट स्वस्त पडते.

नाण्यांचंही. रोमन नाणी इथल्या चलनात बदलून घेतली की नफा होतो, असं तो व्यापाऱ्यांना सांगतो. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या आधीच्या ग्रीक राजांचे जुने ग्रीक अक्षरांचे द्रम्म अजून चालतात, असंही नोंदवतो. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. कोणकोणते लोक त्या बाजारात नाणं हातात घेऊन वाचत होते ते यावरून ओळखा.

भडोचला उज्जैनचा माल यायचा हेही जमेला धरा. सुलेमानी दगड, कापड, आणि वायव्येकडून आलेलं जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ. इजिप्तहून येणाऱ्या गलबताला एकाच धक्क्यावर माळवा आणि दख्खन दोन्ही मिळत. कल्याणला फक्त दख्खन मिळालं असतं.

घाटवाट

वेळेचं मी सांगतो. इजिप्तहून जुलैत निघावं असं पेरिप्लस म्हणतो. नैर्ऋत्य वाऱ्यावर गलबतं पावसाळा सरता सरता इकडे लागतात. परतीसाठी डिसेंबर ते 13 जानेवारीच्या आत निघावं, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. तो बोलतोय दक्षिणेच्या बंदरांबद्दल, पण ईशान्य वारा दोन्हीकडे तोच.

मागे मोजत या. तेर ते भडोच 30 दिवस. भडोचला माल पोहोचल्यावर पारख, भाव, जकात, बांधणी, नदीतून बाहेर पडण्याच्या भरत्या, यासाठी दोन-तीन आठवडे ठेवा. म्हणजे माल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भडोचला हवा आणि तेर ऑक्टोबरच्या मध्याला सोडायला हवं. आपल्या पंचांगात दसऱ्याच्या आसपास. त्याआधी निघणं शक्यच नाही: काळी जमीन ओली असताना चाक तुंब्यापर्यंत रुततं आणि तापी ओलांडायला उतार मिळत नाही. ‘बिनरस्त्याचा मुलूख’ हे शब्द या जमिनीला लागू पडतात. बांधलेला रस्ता नसला तरी वाळलेल्या काळ्या रानातून गाडी कुठूनही जाते, मात्र परतीचा पाऊस लांबला की सगळं वेळापत्रक घसरतं.

एक शंका मलाच दूर करून हवी आहे. दसऱ्याला नवीन कापूस कुठे आलेला असतो? मग कापड आदल्या वर्षीच्या कापसाचं असणार.

लेणीवाचक

आदल्या वर्षीचंच असणार. म्हणून भांडवल लागायचं, आणि ते कोणाकडे होतं याचा पुरावा पुन्हा उषवदाताच्याच लेखात आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, 3,000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले. 2,000 दरमहा शेकडा एक दरानं, 1,000 दरमहा शेकडा पाऊण दरानं. पहिल्याचं वर्षाचं व्याज 240. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. गणित तंतोतंत जुळतं. मूळ रक्कम परत मागायची नाही, असंही लिहिलंय. विणकरांच्या हातात असा पैसा वर्षभर खेळत असेल तर कापूस आधी भरून कापड साठवणं त्यांना जमतं. गोवर्धन नाशिकजवळचं, तेरजवळचं नव्हे, हे मान्य. पण पद्धत समजायला एवढं पुरे.

तेरबद्दल अजून एक. तगरला किनाऱ्याकडचा मालही गोळा होतो, असं पेरिप्लस म्हणतो. तेरच्या जागेवरून मला हा पूर्व किनारा वाटतो. म्हणजे तेर नुसतं विणकरांचं गाव नव्हतं, आंध्रकडून येणारा माल तिथे एकत्र होऊन पुढे पैठणला जायचा.

नाकेबंदी किती टिकली? फार नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906मध्ये 13,000हून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी मूळ नहपानाची, पण त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. राज्य कुणाकडे गेलं ते त्या चांदीनंच सांगितलं. कान्हेरीच्या लेखांत तर कल्याणचे व्यापारी, सोनार, लोहार दान देताना दिसतात. सहाव्या शतकात कॉसमस हा ग्रीक लेखक कल्याणला मोठी बाजारपेठ म्हणून नोंदवतो, तांबं आणि कापडासाठी. भडोचही चालूच राहिलं, पण एकटं नाही.

गोदाकाठ

या वाटेवरचं प्रत्यक्ष काय बघता येईल, आणि कोणत्या क्रमानं?

लेणीवाचक

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयापासून सुरुवात करा. तिथली हस्तिदंती बाहुली आणि मातीच्या मूर्ती निवांत बघा. मग पैठण, आणि तिथून कन्नडजवळ पितळखोरे. पितळखोऱ्याच्या खांबावर पैठणच्या गांधिक कुळातल्या मितदेवाचं दान कोरलेलं आहे, म्हणजे अत्तर-सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. लेण्यांच्या तोंडाशी उभं राहिलं की दरी खानदेशाकडे उतरताना दिसते. गाड्या अगदी याच फटीतून उतरत होत्या असा माझा दावा नाही, पण पैठणचा व्यापारी इथे पैसे खर्च करतो ते काही उगाच नाही.

नाशिकला आधी 10 क्रमांकाचं लेणं करा. उषवदाताचा लांब लेख ओसरीच्या मागच्या भिंतीवर, छताखाली आहे. मान वर करून वाचावा लागतो, दुर्बीण असेल तर न्या. नद्यांची नावं तिथेच शोधा. त्यानंतर 3 क्रमांक, तिथे गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. खखरात कुळ, म्हणजे नहपानाचं घराणं, आपल्या मुलानं निर्मूल केल्याचं ती त्यात सांगते. उलट क्रमानं गेलात तर तिचा राग कुणावर आहे ते कळत नाही.